मशीनची मोरी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मशीनखाली रांगोळी पसरली. नक्षीबिक्षी नाही, नुसती पांढरी पूड. दिवाळी जवळ आली होती म्हणून बायकोने रांगोळीची पिशवी आणून ठेवली होती. ती फोडली, जुन्या चाळणीत घेतली आणि फरशीवर बसून, सरकत सरकत, मशीनच्या लोखंडी घोडीखाली सगळीकडे एकसारखी चाळली. मी बॅटरी धरून उभा होतो. भर दुपार होती, पण मशीनखाली उजेड पोचत नव्हता.

"अहो, मशीनवर काय मारताय बॅटरी? मशीन बघितलंय मी. खाली मारा."

"मारतोय की."

"भिंतीकडं मारा. सगळा घोळ भिंतीकडंच हाय."

घोडीवर पत्र्याचा मोठा ट्रे होता. ट्रेमध्ये मशीन उभं होतं, आणि आम्ही दोघांनी बादल्या ओतून तो ट्रे पाण्याने भरला होता. ते पाणी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तसंच ठेवायचं आणि ट्रे गळतो की नाही ते बघायचं, असं ठरलं होतं. नुसत्या फरशीवर थेंब पडला तर वाळून जातो, सकाळी काही कळत नाही. रांगोळीवर पडला की खळगा पडतो, आणि पाणी वाळलं तरी खळगा तसाच राहतो. ही युक्ती तिची.

ट्रेचे चार कोपरे. फटी बुजवताना दरवाजाकडचे दोन तिने भरलेले, भिंतीकडचे दोन मी. तिकडे तिचा हात पोचत नव्हता.

"ज्याचा कोपरा गळंल त्याने आठवडाभर सकाळचा चहा करायचा," ती म्हणाली.

"रोज तूच करतेस की."

"मग? मी हरले तर काय नवीन नाय. तुम्ही हरलात तर मजा हाय."

चाळण झटकून, गुडघ्यावर हात टेकून ती उठली. मला बजावलं, "आता सकाळपर्यंत कुणी वाकून बघायचं नाय. तुम्हाला दम नसतो. भातावरचं झाकण तीनदा काढता."

नाही बघत म्हणालो. मग आम्ही जेवायला बसलो.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगतो.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. अंबडच्या एका कारखान्यात मिलिंग मशीन चालवायचो. लोखंडाचा तुकडा टेबलावर घट्ट बांधायचा, वर कटर फिरत असतो, त्याच्याखालून तुकडा हळूहळू सरकवत न्यायचा. जेवढं नको असेल तेवढं लोखंड खरवडून निघतं. बस, एवढंच काम मला येतं. दुसरं काही येत नाही, आलं नाही आणि शिकलोही नाही. नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाल्यावर तो कारखाना बंद पडला. एक दिवस सकाळी डबा घेऊन गेलो तर गेटला कुलूप. डबा तसाच घरी आणला.

मग मी घरी बसलो. सिडकोतलं आमचं घर म्हणजे रांगेतलं एक. दोन खोल्या, मागे मोरी. पुढच्या ओट्यावर बसायचो आणि रस्ता बघायचो. बोलत नव्हतो. मुलगा पुण्याला नोकरीला, तो म्हणायचा इकडे या, दोघंही या. मी त्यालाही उत्तर देत नव्हतो. एकदा ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या तोंडाचं काय नाय. ते कधीच गोड नव्हतं. पण तुमचे हात बघवत नाय. नुसते मांडीवर पडलेले असतात."

तिचं माहेर सिन्नरकडचं. तिची मोठी बहीण तिकडेच दिलेली. तिच्याकडून कळलं की सिन्नरच्या कारखान्यांच्या वसाहतीत एक छोटं जुनं मिलिंग मशीन विकायला काढलंय. मी नको म्हणत होतो. ती मला घेऊन गेली. मशीनला गंज चढला होता, पण टेबल सरळ होतं. मी नुसतं हाताने हँडल फिरवून बघितलं, आणि ती विकणाऱ्याला म्हणाली, "आमचं ठरलं." माझं अजून ठरायचं होतं. येताना टेम्पोत ती मागे मशीनच्या शेजारी बसून आली, माहेरच्या माणसाला सोबत घेऊन यावं तशी.

ओट्यावर पत्रा टाकून, भिंत घालून खोली केली आणि मशीन तिथे बसवलं. म्हणजे घरात शिरायचं तर मशीनच्या बाजूने अंग चोरून शिरावं लागायचं. पाहुणे हसायचे. ती सांगायची, "आमच्याकडं देव आत आणि राखणदार बाहेर." छोटी छोटी कामं यायला लागली. मी परत बोलायला लागलो. म्हणजे भांडायला लागलो, ती म्हणायची, पण तेही चालेल.

अडचण एकच होती, कुलंट. कटर तापतो, म्हणून त्याच्यावर सारखं कुलंट सोडावं लागतं. पाण्यात तेल कालवलेलं असतं, दिसायला दुधासारखं. फिरत्या कटरवर पडलं की चारी दिशांना उडतं. कारखान्यातल्या मशीनला सगळीकडून पत्र्याचं घर असतं, उडालेलं सगळं आत राहतं, खाली टाकीत जमतं आणि परत वर येतं. माझं मशीन उघडं. कुलंट भिंतीवर उडायचं, फरशीवर ओघळायचं, आत जाताना पायाला लागून स्वयंपाकघरापर्यंत जायचं. चार दिवस तसंच राहिलं की नासायचं, घाण वास सुटायचा. ती पोतं टाकायची, पुसायची, बोलायची, परत पुसायची. मला वाटायचं चाललंय तसं चालेल.

पण ती भिंत एकट्या आमची नव्हती. रांगेतली घरं, दोन घरांत एकच भिंत.

दसऱ्याला मशीन बंद असतं. धुऊन पुसून हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. संध्याकाळी शेजारीण सोनं द्यायला आली. आपट्याची पानं हातावर ठेवली, आणि गेली नाही, तिथेच उभी राहिली.

"वहिनी, जरा आमच्याकडं येता का? एक दाखवायचंय."

आम्ही दोघं गेलो. तिने देव भिंतीला लागून मांडले होते, नेमके आमच्या मशीनच्या पाठीमागे. देवांच्या मागे भिंतीवर पिवळा, तेलकट डाग आला होता. घडवंचीएवढा मोठा. वासही तोच, मला ओळखीचा. ती भांडली असती तर बरं झालं असतं. मी पण भांडलो असतो. ती हळू आवाजात म्हणाली, "दिवाळीला रंग द्यायचाय. रंगारी म्हणतो तेलावर रंग धरत नाही. बाकी कुठंही असतं तर बोलले नसते, पण देवाच्या मागं आहे ना."

माझ्याकडे न बघता माझी बायको म्हणाली, "ताई, तुम्ही रंग द्या. ह्याच्यापुढं आमच्याकडून एक थेंब आला, तर ते मशीन मी माझ्या हाताने भंगारात घालीन."

घरी आल्यावर मी विचारलं, "कुणाला विचारून शब्द दिलास?"

"तुम्हाला विचारलं असतं तर दिला असता?"

"नसता."

"म्हणून नाय विचारलं."

मशीन गेलं तर मी परत ओट्यावर जाऊन बसणार हे तिला माहीत होतं. आणि आता तर ओटाही राहिला नव्हता. तरी तिने शब्द दिला. म्हणजे आता मशीनला घर बांधणं आलं, आणि तेही दिवाळीच्या रंगाआधी.

एका कारागिराकडे जाऊन विचारलं, असं असं पत्र्याचं घर करून देशील का. त्याने आकडा सांगितला. मी पाणी पिऊन परत आलो. मग आम्ही भंगार शोधायला लागलो. दोन मोडके कूलर मिळाले. त्यांच्या पत्र्यातून ट्रे निघाला, आणि एकाचा छोटा पंप चालू होता, तो कुलंट वर चढवायला झाला. गंगापूर रोडला एका बंगल्याचं काम निघालं होतं, तिथली जुनी सरकती खिडकी आणली. अ‍ॅल्युमिनियमची चौकट, दोन काचा. ती मशीनच्या पुढच्या बाजूला बसवायची, म्हणजे काच सरकवून हात घालता येईल आणि काम बाहेरून दिसेल. खिडकी आणताना रिक्षावाला म्हणाला, "काका, नवीन बंगला का?" ती म्हणाली, "हो. आत राहणारा आधीच येऊन बसलाय."

मी फरशीवर खडूने ट्रेचं चित्र काढलं. ती समोर मेथी निवडत होती. थोडा वेळ बघितलं.

"हे भोक कशाचं?"

"पाणी जायचं. खाली बादली, बादलीत पंप."

"मधे का काढलं?"

"मधेच असतं."

"आपल्या मोरीचं कुठं हाय?"

मोरीचं कोपऱ्यात होतं.

"मोरीला उतार कोपऱ्याकडं असतो. मधे भोक केलं तर चारी बाजूनं उतार करायला लागंल. करणार का तुम्ही पत्र्याला चारी बाजूनं उतार? आणि तोंडाशी जाळी पाहिजे. केस अडकतात तसा तुमचा लोखंडाचा कीस अडकंल."

तेव्हापासून त्या सगळ्या सांगाड्याचं नाव मोरी पडलं. कुणी विचारलं, काय चाललंय, की ती सांगायची मशीनला मोरी बांधतोय. मला राग यायचा. कारखान्यात त्याला इंग्रजी नाव होतं. पण नंतर मीच म्हणायला लागलो, मोरीचं काम कुठवर आलं, मोरीचा पत्रा कापायचाय. जाळी तिने केली, स्टीलच्या डब्याच्या झाकणाला खिळ्याने भोकं पाडून. उतार मी दिला, घोडीच्या दोन पायांखाली पट्ट्या सारून. मशीन चेनपुलीने उचललं तेव्हा शेजारणीचा नवरा मदतीला आला. ट्रे खाली सरकवला, त्यात फळ्या टाकल्या, मशीन परत बसवलं.

मागे भिंतीकडे कूलरचाच उरलेला पत्रा उभा केला. दोन्ही बाजूंना आणि वरच्या अंगाला जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा केला. तो तिने शिलाई मशीनवर शिवला. शिवून झाल्यावर उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाली, "गेलं का सगळं वाया?" शिवणीचं एकेक भोक चमकत होतं. जिथे सुई गेली तिथून पाणी येणार. मी म्हटलं चिकटपट्टी लावू. ती म्हणाली तेलाला चिकटपट्टी राहत नाही, तुम्हीच सांगता ना. मग आतून मेणबत्ती आणली आणि सगळ्या शिवणीवरून घासली, दोन्हीकडून, जोर लावून, बांगड्या वाजत होत्या. परत उजेडाकडे धरलं. भोकं मिटली होती. तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. मी पान खायला बाहेर गेलो.

राहिले कोपरे. पत्रा पातळ, वेल्डिंग केलं तर जळून भोक पडलं असतं. म्हणून कडा दुमडून रिव्हेट मारले आणि फटीत सिलिकॉन भरायचं ठरलं. नळीतून बंदुकीसारखं दाबून भरतात ते. मी दाबत गेलो आणि पुढे गेलो. माझं ओबडधोबड, पण भरपूर. तिने तसं नाही केलं. एका वाटीत साबणाचं पाणी घेतलं, त्यात बोट बुडवलं आणि भरलेल्या सिलिकॉनवरून एकदाच फिरवलं, करंजीची कड दाबावी तसं. गुळगुळीत झालं.

"तुमच्या कोपऱ्यांना पण फिरवा."

"माझं जाड आहे. त्याला काही होत नाही."

"जाड असलं म्हणजे आत पोचलं असं नाय."

"तू तुझं बघ."

ते एक दिवस वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, पाणी भरलं आणि रांगोळी चाळली. ते सुरुवातीला सांगितलं.

जेवण झाल्यावर तिने चटई मशीनच्या खोलीत टाकली. दार उघडं, वारा येत होता. "मी इथंच पडते. पाण्यावर लक्ष ठेवते. तुमचा भरवसा नाय, वाकून बघाल." मी आत जाऊन पडलो. मला झोप लागली.

चहाच्या वेळेला जाग आली. भांड्याचा आवाज नव्हता. बाहेर आलो तर ती कुशीवर, तोंड मशीनकडे करून, गालाखाली हात घेतलेला. मी हाक मारली. परत मारली. मग खाली बसलो आणि खांद्याला हात लावला. पुढचं कसं झालं ते मला नीट सांगता येत नाही. शेजारीण आली. गल्लीतल्या डॉक्टरला कुणीतरी आणलं. त्याने हात धरला, डोळे बघितले आणि चष्मा काढून हातात घेतला. झोपेतच गेल्या, म्हणाला. काही त्रास झाला नसेल. त्याला काय माहीत. पण मी तेवढं धरून ठेवलं.

शेजारणीच्या फोनवरून पुण्याला कळवलं. मुलगा मिळेल ती गाडी पकडून रात्री दहाला आला. सिन्नरहून तिची बहीण, आम्ही सगळे अक्का म्हणतो, जीपमध्ये बसून आली. खोली माणसांनी भरली. आधीच अरुंद, त्यात ती मधे झोपलेली, एका बाजूला मशीन आणि मशीनखाली पाण्याने भरलेला ट्रे. माणसं येत, नमस्कार करत आणि मागे सरकताना ट्रेला धक्का लागत होता. पाणी डुचमळत होतं.

मुलगा माझ्याजवळ आला. "बाबा, हे पाणी काढून टाकू. कुणाचा धक्का लागला तर सगळं खाली येईल."

"नाही काढायचं."

"अहो, माणसं यायचीत अजून. आईला न्यायचंय."

"सकाळपर्यंत ठेवायचंय."

"कशाला?"

"ती म्हणाली आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. फिरलं असेलही. पण त्या खोलीत मला एवढंच काम माहीत होतं, बाकी सगळं दुसरे करत होते. त्याने परत विचारलं नाही. आतून दोन खुर्च्या आणल्या आणि ट्रेच्या पुढे आडव्या लावून ठेवल्या, कुणाचा पाय लागू नये म्हणून. ते त्याने केलं, हे मी विसरलो नाही.

तिला नेताना चौघं मशीनच्या बाजूने तिरपे होऊन गेले. कुणाच्या तरी खांद्याला तिचा पडदा घासला आणि खुळखुळला. मी मागे वळून शेजारणीला सांगितलं, "खोली झाडाल तेव्हा मशीनखाली झाडू नका." ती रडत होती, तिने मान हलवली.

घाटावरून आलो तेव्हा अक्काने दिवा लावला होता. आमच्यात रिवाज आहे, माणूस जिथे गेलं तिथे जमीन पुसून दिवा ठेवतात. दिव्यापाशी पीठ पसरतात आणि त्याच्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून बघतात. गेलेलं माणूस ज्या जन्माला जातं त्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणतात. मी असलं काही मानत नाही. माझी आई गेली तेव्हा पिठात झुरळ फिरल्यासारखं दिसलं होतं, सगळे म्हणाले गाय. अक्काला मी काही बोललो नाही. चटई टाकली होती तिथेच तिने दिवा ठेवला. म्हणजे मशीनपासून हातभर.

रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही.

सकाळी बायका जमल्या. अक्काने हात जोडले आणि टोपली उचलली. पीठ जसं पसरलं होतं तसंच. एक रेघ नाही. अक्का तिथेच बसली. मोठी बहीण ती, धाकटीला कडेवर घेऊन फिरलेली, आणि काल आल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलेलं नव्हतं. नुसती पिठाकडे बघत म्हणाली, "कायच नाय. कुठं गेली म्हणायची ही?"

मग उठायला म्हणून तिने फरशीवर हात टेकला आणि वाकली, तेव्हा तिला मशीनखाली दिसलं.

"पाव्हणं, हे तुमी ठिवलं व्हय?"

"काय?"

"अगं या गं! बघा हिकडं! इथं पाऊल हाय!"

सगळ्या वाकल्या. शेजारीण चहाची किटली घेऊन तेवढ्यात आली होती, ती किटली हातात धरून वाकली. मी बॅटरी आणली. बाजूला व्हा म्हटलं आणि गुडघे टेकून आत बघितलं. दरवाजाकडच्या दोन कोपऱ्यांखाली रांगोळी तिने चाळली तशीच, मऊ, सपाट. भिंतीकडे, डाव्या हाताला, खळगे पडलेले. मागे एक मोठा, पुढे तीन बारीक. पाणी कोपऱ्यातून निघून पत्र्याच्या काठाने पुढे आलं होतं आणि थांबत थांबत ठिबकलं होतं.

डावा कोपरा माझा होता.

"पाखराचं हाय," अक्का म्हणाली. "बघा, मागं टाच आन् पुढं तीन बोटं. पाखरू झाली माजी बाई." आणि मग तिला रडू फुटलं. कालपासूनचं सगळं. बायकांनी हात जोडले. कुणीतरी मशीनलाच हळदकुंकू आणा म्हणालं.

मला गप्प बसता आलं असतं. पण मला ते जमत नाही, कधी जमलं नाही.

"अक्का, पाऊल नाही ते. माझा कोपरा गळतोय."

"बाबा!" मुलगा म्हणाला.

अक्काने पदराने तोंड पुसलं. माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं, ओरडली नाही.

"गळू द्या की. पानी हाय ते मला दिसतंय, माजं डोळं गेलं नाय अजून. पन ती हितंच झोपली व्हती ना? काल तिनं शेवटचं काम केलं ते ह्येच ना? मंग पाऊल काय पार तिकडं रस्त्यावर उमटंल? तुमी म्हना पानी. मी पाऊल म्हनंल. तुमचं काय जातंय?"

मी बॅटरी बंद केली.

शेजारणीने माझ्यापुढे कपात चहा ओतून ठेवला. आमच्या घरात चूल पेटवायची नव्हती, म्हणून चहा तिच्याकडचा. पैज मी हरलो होतो आणि चहा दुसऱ्याने केला. मी तिला म्हटलं, "ताई, थेंब आला बघा. साधं पाणी आहे, कुलंट नाही, तुमच्या भिंतीलाही लागलेलं नाही. पण आला."

"भावजी, आज ते कशाला काढता? राहू द्या."

"राहू देऊन कसं चालेल. रंगारी येईल तुमचा."

"तो शब्द मी कधीच सोडला. काल संध्याकाळीच."

"तुम्ही सोडला असेल. तिने नाही सोडला."

ती आत गेली. माझ्याकडे न बघता गेली, तोंडावर पदर धरून.

मुलगा म्हणाला, "बाबा, निदान आज मशीनला हात लावू नका. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, मशीनला नाही लावत. मोरीला लावतो. त्याला कळलं नाही. त्याला ते नाव माहीत नव्हतं.

पण मोरीला हात लावायचा तर खाली गुडघे टेकावे लागणार, रांगोळी पुसली जाणार. अक्का तिथून हलली नव्हती. खळग्यांकडे बघत बसली होती. मी दिव्यापाशी गेलो, पालथी घालायची टोपली तिथे रिकामी पडली होती, ती उचलली. बॅटरी दाताखाली धरून आत वाकलो आणि ती टोपली त्या चार खळग्यांवर अलगद पालथी घातली. अक्काने बघितलं. मागे सरकून मला जागा दिली.

मग मी पाणी काढायला बसलो. तोंडाचं बूच काढलं, आणि उताराने सगळं पाणी कोपऱ्यात येऊन बादलीत पडलं, एक घोट मागे राहिला नाही. तिने सांगितलं होतं तसाच उतार होता. दोन-दोन बादल्या मुलाने नेऊन बाहेर ओतल्या, न सांगता. तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता पुसायला, त्यानेच मी कोपरा कोरडा केला. सुरी लावून माझं सिलिकॉन खरवडलं. वरून जाड होतं. खाली फटीत शिरलंच नव्हतं, मधे पोकळ होतं.

"अक्का," मी म्हटलं, "बॅटरी धरता का?"

ती उठली. दोन्ही हातांनी बॅटरी धरून माझ्या मागे उभी राहिली. उजेड मशीनवर पडत होता.

"खाली मारा. भिंतीकडं."

तिने खाली मारला. मी फट परत भरली, या वेळी हळूहळू, आतपर्यंत. घराच्या मागच्या मोरीतून वाटीत साबणाचं पाणी आणलं, त्यात बोट बुडवलं आणि कोपऱ्यावरून एकदाच फिरवलं.